गुंठा घेताय? आधी पाण्याची रेघ बघा!

'फक्त दोन प्लॉट शिल्लक! हायवे टच! सुलभ हप्ता!' साताऱ्यात वाढे फाट्याला उभे राहा नाहीतर सांगलीत विश्रामबागला, असा एखादा बोर्ड दिसणारच. पहिला पगार झाला किंवा बाबांचे रिटायरमेंटचे पैसे आले, की घरात विषय निघतो, 'एक गुंठा घेऊन टाकू.' आणि मोबाइलवर माहिती काढायचं काम तुमच्यावर येतं. म्हणजे घरची आयुष्यभराची बचत कुठं जाणार, यात तुमचाही हात असतो.

तर आधी भाषा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. जमीन शेतीची आहे की बिनशेती, म्हणजे एनए, हा पहिला प्रश्न. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्या माणसाला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. शिवाय 1947 चा तुकडेबंदी कायदा आहेच. एजंट म्हणतो, 'टेन्शन नको, नोटरी करून देतो.' पण भावांनो, नोटरीनं मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडं नोंदलेलं खरेदीखतच लागतं.

याचा धडा शिकायचा तर सांगली बघा. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे विकले गेले, घरं झाली, माणसं राहायला आली. रस्ता, गटार, मंजूर नकाशा मात्र नाही. ही पद्धत इतकी पसरली की राज्याला 2001 मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदाच करावा लागला. अशा व्यवहारात एका सातबारावर दहा-पंधरा नावं सामाईक असतात. क्षेत्र कळतं, पण तुमचा तुकडा नेमका कुठला, ते काही कागद सांगत नाही. घर बांधायला कर्ज काढायला गेलात की बँक पहिल्यांदा हेच विचारते. प्लॉट स्वस्त का होता, ते तेव्हा समजतं!

दुसरी गोष्ट कृष्णामाईची. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2021 ला पुन्हा शहरात शिरलं. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी. बोर्डावर 'रिव्हर व्ह्यू' लिहिलेलं असतं, रेषा कोण लिहिणार? प्लॉट बघायला उन्हाळ्यात नेतात, तुम्ही जुलैमध्ये जा. शेजारच्या टपरीवर चहा घ्या आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

साताऱ्याकडं प्रश्न वेगळा. डोंगरउतार, धुकं, 'फार्म हाऊस प्लॉट' असं सगळं भारी दिसतं, पण महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथं बांधकामावर कडक बंधनं आहेत. धरणांमुळं पुनर्वसनाच्या जमिनीही दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ. म्हणून सातबारा हातात आला की 'भोगवटादार वर्ग' आणि 'इतर अधिकार' हे दोन रकाने आधी वाचा. वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. बोजा आणि 'पुनर्वसनासाठी' असे शेरे इतर अधिकारात बारीक अक्षरात दडलेले असतात.

फ्लॅट घेणार असाल तर महारेराचा नंबर मागा, आणि साइटवर तो स्वतः टाकून बघा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला नोंदणी लागतेच, प्लॉटच्या ले-आउटलाही हेच. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

आता जरा हिशोब. समजा, फ्लॅट 40 लाखांचा. शहरात मुद्रांक शुल्क 6 टक्के धरलं तर 2 लाख 40 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. तीस लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, म्हणजे हप्ता 26 हजारांच्या आसपास. भाडं दहा हजार आलं तर वर्षाला 1 लाख 20 हजार, म्हणजे तीन टक्के. देखभाल आणि घरपट्टी त्यातूनच. 'भाड्यातून हप्ता फिटतो' म्हणणाऱ्या काकांना हा कागद दाखवा. राहायला घर घेणं वेगळं, पैसे गुंतवणं वेगळं. किंमत वाढेल या आशेवर घेत असाल, तर विकायला निघाल तेव्हा गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली तरी चालेल का, हेही घरात बोला. सोनं सकाळी मोडता येतं, प्लॉट नाही.

सराव फुकटात होतो. महाभूलेखवर गट नंबर टाकून स्वतःच्या गावाचा सातबारा काढा, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. बऱ्याच घरांत आजोबांचंच नाव अजून चालू असतं. तसं असेल तर वारसनोंदीचा अर्ज करायला लावा. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. आत्या, काका सगळ्यांची नावं येतात की नाही, ते त्याच दिवसांत बघायचं.