दुसरी चावी कुठे आहे?

"दार उघडलं गं, पण गाडी चालूच होत नाही!" २०१९ च्या ऑगस्टमधल्या त्या रात्री फोनवर ऐकलेला माझ्या आपाचा आवाज आजही कानात आहे.

आपा सांगलीत, कृष्णेकाठच्या सखल वस्तीत राहते. मी साताऱ्यात. बकरी ईद १२ तारखेला होती. दुकानाच्या कामासाठी दुल्हाभाई एसटीने साताऱ्याला आले होते आणि आमच्याकडेच उतरले होते. गाडी सांगलीत दारासमोर उभी होती, चावी मात्र सवयीप्रमाणे त्यांच्या खिशात. पाऊस थांबत नव्हता, कोयना धरणातून विसर्ग चालू होता आणि आयर्विन पुलाजवळची पातळी चढत होती. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुल्हाभाई परत निघेपर्यंत सांगलीकडचे रस्ते एकेक करून बंद झाले.

घरी आपा, तिच्या दोन मुली आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आपाला गाडी चालवता येते. सगळ्यांना घेऊन मिरजेला मामूंकडे पोचायचं, जेमतेम दहा किलोमीटर. खुंटीला एक जादा चावी होती. बाजारातल्या चावीवाल्याकडून दुल्हाभाईंनी ती दीडशे रुपयांत करून आणली होती. त्या चावीने दार उघडलं, स्टिअरिंगचं कुलूप सुटलं, स्टार्टरही फिरला. पण इंजिन काही केल्या धरेना. मीटरजवळ चावीचं चित्र असलेला एक दिवा नुसता लुकलुकत राहिला.

शेवटी शेजारच्या पोरांनी अम्माजानना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, गुडघाभर पाण्यातून चौकापर्यंत उचलून नेलं. तिथून एका टेम्पोवाल्याने सगळ्यांना मिरजेला सोडलं. अल्लाहच्या मेहरबानीने माणसं सुखरूप राहिली. गाडी मात्र बुडाली.

कंपनीने दिलेली खरी दुसरी चावी कुठे होती? "महागाची वस्तू आहे, घरात पोरं हरवतील," म्हणून दुल्हाभाईंनी ती मारुती चौकाजवळच्या दुकानाच्या गल्ल्यात जपून ठेवली होती. दुकानही पाण्याखाली गेलं होतं.

चावीच्या डोक्यात काय असतं?

आपाने त्या दीडशेच्या चावीला खूप दोष दिला. पण चावीवाल्याने फसवलं नव्हतं. त्याने खाचा बरोबर कापल्या होत्या, म्हणून तर दार उघडलं. चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते, ती त्या चावीत नव्हती.

या चिपला बॅटरी लागत नाही. आपण चावी फिरवतो त्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींवरच चिप क्षणभर जागी होते आणि आपली गुप्त खूण सांगते. नव्या गाड्यांत तर गाडी दर वेळी वेगळा प्रश्न विचारते आणि चिपला त्याचं अचूक उत्तर द्यावं लागतं. उत्तर जुळलं तरच गाडीचा संगणक इंजिन चालू होऊ देतो. नाही जुळलं तर काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, काहींत इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडतं. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. दार लांबून उघडणारी रिमोटची बटणं निराळी आणि ही चिप निराळी. रिमोटचा सेल संपला तरी चिप आपलं काम करते.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या दुचाकींच्या चावीत चिप नसते. तिथे टपरीवरची चावी बिनतक्रार चालते. तीच सवय आपण चारचाकीला लावतो आणि फसतो.

ही कटकट कशासाठी, असं वाटेल. पूर्वी चोर कुलपाखालच्या दोन तारा जोडून गाडी पळवत. ते थांबवण्यासाठी युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून सगळ्या नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९५ ते २००८ या काळाचा हिशोब मांडला, तेव्हा त्यामुळे मोटारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे २०१५ साली इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत. पुढे त्या गाड्या चोरण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि पोरासोरांनीसुद्धा त्या पळवल्या. तेव्हा चिप ही आपल्या राखणीलाच आहे. फक्त हा राखणदार मालकालाही खुणेशिवाय आत घेत नाही.

एक चावी हातात असताना

चालती चावी हातात असेल, तर दुसरी करणं फारसं अवघड नसतं. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात गाडी, आरसी बुक आणि ओळखपत्र घेऊन जायचं. चिप असलेली कोरी चावी मागवतात, खाचा कापतात आणि गाडीला यंत्र जोडून नव्या चिपची ओळख करून देतात. साताऱ्यात, कऱ्हाडला, सांगली-मिरजेत खासगी कारागीरही आता हे काम करतात. त्यांच्याकडे जायचं तर ठाव असलेलं दुकान निवडा आणि काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. अनेक गाड्यांत नव्याने नोंद करताना समोर नसलेली चावी यादीतून पुसली जाते. हरवलेली चावी बाद करायलाही हाच मार्ग उपयोगी पडतो.

एकही चावी नसेल, तर गाडी बहुधा ओढून न्यावी लागते. चावी येईपर्यंत दिवस जातात, आणि काही गाड्यांत इमोबिलायझरचा भागच बदलावा लागतो. मग हजारांचा खर्च होतो. नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर क्रमांक कोरलेली छोटी पट्टी किंवा कोडचं कार्ड मिळतं, ते कपाटात जपून ठेवा. पुढे त्यानेच काम सोपं होतं.

विम्याचंही लक्षात असू द्या. गाडी चोरीला गेली तर भरपाई देण्याआधी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिली, तर दुसरी कुठे गेली, गाडीतच राहिली होती का, असे प्रश्न सुरू होतात आणि दावा अडकतो. म्हणून चावी हरवली की त्याच दिवशी पोलिसांकडे नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या आणि दोन्हींनी इंजिन चालू करून पाहा. विकणारा "एकच आहे" म्हणाला, तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करा. सेवाकेंद्रात यंत्र जोडल्यावर त्या गाडीत किती चाव्यांची नोंद आहे, हेही बहुतेक वेळा कळतं.

बटण दाबून चालू होणारी गाडी असेल, तर चावीचा सेल संपल्यावर काय करायचं हे घरातल्या सगळ्यांनी एकदा करून पाहावं. त्या चावीच्या पोटात दार उघडण्यासाठी पत्र्याची छोटी चावी लपलेली असते. आणि चावी बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी धरून इंजिन चालू करता येतं.

चावी घराची

पाणी ओसरल्यावर दुल्हाभाईंनी गल्ला उघडला. चिखलाने माखलेली चावी धुऊन वाळवली. रिमोटची बटणं मेली होती. पण पुढे गॅरेजमध्ये इंजिन दुरुस्त झाल्यावर तीच चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आठ-दहा दिवस पाण्यात राहूनही चिप शाबूत होती. दुल्हाभाई बराच वेळ त्या चावीकडे बघत राहिले. मग ती आपाच्या हातात देत म्हणाले, "ही तुझ्याकडे राहू दे. मी जपली, पण तुमच्यापासूनच जपली."

आपल्या बहुतेक घरांत हेच होतं. गाडी सगळ्यांची, चावी एकाच खिशात. कपाटाच्या, तिजोरीच्या, कागदपत्रांच्या बाबतीतही तसंच. तो एक माणूस परगावी असला, दवाखान्यात असला किंवा त्याचा इंतकाल झाला, तर घरच्यांना आपल्याच वस्तू शोधत बसावं लागतं. घराची वस्तू हाती असणं ही अमानत आहे, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरच्यांना माहीत असणं हा त्याच अमानतीचा भाग आहे.

आपाच्या घरी आता दुसरी चावी स्वयंपाकघरातल्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे असते. तिच्यावर गाडीचा नंबर लिहिलेला नाही. दोन्ही चाव्या एका कडीत अडकवत नाहीत, कारण दोन चिपा शेजारी आल्या तर कधी कधी गाडी गोंधळते. महिन्यातून एकदा, जुम्याच्या दिवशी, गाडी मुद्दाम त्याच चावीने चालू करतात. मोठ्या मुलीलाही ते जमतं. खुंटीवरची दीडशेची चावी अजून तिथेच आहे, पण तिला लाल दोरा बांधला आहे, म्हणजे ती फक्त दाराची हे अंधारातही हाताला कळतं.

आज रात्री जेवण झालं की आपल्या घरात एकदा विचारून बघा, दुसरी चावी कुठे आहे? किती जणांना उत्तर देता येतं, तेही मोजा.