घरातील जुने लाकूड, वाकळ आणि परसातील फुले

परभणी जिल्ह्यात माळवदाची जुनी घरे उतरवून त्या जागी सिमेंटची, स्लॅबची घरे बांधण्याचे काम अनेक वर्षांपासून चालू आहे. माळवद उतरविताना सागाचे खांब, तुळया, चौकटी व दारांच्या फळ्या निघतात. त्यांच्याबरोबर ओसरीवरील बाज, घडवंची, लाकडी पेटी, पाट आणि चौरंगही अंगणात येऊन पडतात. घाईच्या दिवसांत हे सारे सामान एकगठ्ठा विकले जाते. पुढे घर उभे राहिले म्हणजे तेच घर सजविण्यासाठी तालुक्याच्या बाजारातून पलंग, सोफा व कपाट हप्त्याने आणले जाते. हे नवे सामान पुष्कळदा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे असते. पावसाळ्यात ओल लागली की ती फळी फुगते, आणि एकदा उखडलेला स्क्रू त्या जागी पुन्हा बसत नाही. इकडे कापसाची वेचणी सुरू होण्यापूर्वीच हप्त्याची तारीख येते. त्यात घरी लग्नकार्य असेल तर भार दुप्पट वाटू लागतो. गृहशोभा हा विषय अशा रीतीने थेट कर्जाच्या वहीशी जोडला गेला आहे. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घर पाडण्यापूर्वीच कुटुंबाची भेट घ्यावी, आणि विक्रीचा सौदा होण्याआधी कोणते लाकूड राखावयाचे ते घरच्यांसह पाहून घ्यावे.

लाकूड पारखण्यास फार विद्या लागत नाही. सागाचा आतील गडद भाग, म्हणजे गाभा, किडीला सहसा दाद देत नाही; बाहेरील फिकट भाग मात्र पोखरला जातो. बारीक छिद्रे व त्यांखाली पिठासारखा भुसा दिसला तर तेथे आरी टोचून पाहावी. आरी वरच्यावर अडली तर लाकूड शाबूत आहे असे समजावे. ती सहज आत शिरली तर तेवढा भाग सुताराकडून कापून टाकावा. खांबाचे जमिनीत गेलेले टोक वाळवीने खाल्लेले असले तरी वरचा भाग बहुधा चांगला निघतो. अशा एका खांबाचे दोनतीन ठोकळे करून त्यांवर दाराची फळी बसविली की बैठकीसाठी भक्कम बाक तयार होते. लोखंडी कड्या व जुने खिळे काढून टाकण्याची घाई करू नये. फळीची शोभा पुष्कळदा त्यांतच असते.

फळीवर जुना तैलरंग असेल तर विशेष सावधगिरी हवी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुना रंग कोरडा खरवडू नये. तो पाण्याने भिजवून काचकागदाने घासावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला गाळ शेतात किंवा गोठ्याजवळ टाकू नये. रंग नसलेले लाकूड ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे व रेषांच्या दिशेनेच घासावे.

यानंतर जवसाचे तेल द्यावे. घाणीवरचे कच्चे तेल वाळण्यास बरेच दिवस घेते; त्यापेक्षा रंगाच्या दुकानात ‘डबल बॉईल’ या नावाने मिळणारे तेल बरे. तेल व टर्पेंटाइन समभाग मिसळून पातळ हात द्यावा, पंधरावीस मिनिटांनी वर राहिलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे आणि लाकूड पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. जाड थर दिला तर तो चिकट राहतो व त्यावर धूळ बसते.

या कामातील खरा धोका तेलाने भिजलेल्या फडक्यांचा आहे. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते व त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. फडकी बोळा करून टाकली तर ही उष्णता आतच कोंडते आणि कोणी काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच साठविण्याची पद्धत आहे. अशा घरात तेलाचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर वर्षाची कमाई एका रात्रीत जाईल. म्हणून फडकी घराबाहेर, दगडावर एकेक पसरून वाळवावीत. नाही तर पाण्यात बुडवून ठेवावीत. हे तेवढे घरातील प्रत्येकास, मुलांसही, सांगून ठेवावे.

बाजेची गोष्ट निराळी आहे. चौकट व पाय चांगले असतील तर ती पुन्हा विणून घेणे हेच योग्य. पूर्वी शेतातील अंबाडीचा वाख काढून घरीच दोरी वळीत. आता बहुधा नायलॉनची दोरी वापरतात. ती टिकते, परंतु उन्हाळ्यात अंगास सोसत नाही, म्हणून सुती नवार अधिक बरी. विणण्यापूर्वी सांध्यांत उकळते पाणी ओतावे, म्हणजे दडलेले ढेकूण व त्यांची अंडी मरतात. पाय फरशीच्या तुकड्यांवर ठेवल्यास वाळवी चटकन चढत नाही, आणि चढलीच तर तिची मातीची नळी लगेच नजरेस पडते.

लाकडाबरोबर वस्त्रांचा विचार केला पाहिजे. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात घरोघर खिडक्यांना पॉलिएस्टरचे पडदे दिसावेत, हे थोडे नवलाचेच आहे. घरातील जुनी सुती लुगडी धुऊन त्यांचे पडदे केले तर काठासह ते शोभतात. नवे कापड हवेच असेल तर खादी घ्यावी. राष्ट्रध्वजाचे कापड तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती शेजारच्या नांदेडलाच आहे.

वाकळ ही तर घरच्या स्त्रियांच्या हातची कला होय. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून कडेपासून मध्याकडे धावदोरा टाकीत नेतात. रंगांची जुळणी शिवणारीच्या नजरेवर असते. अशी वाकळ पेटीच्या तळाशी न ठेवता बाजेवर किंवा नव्या बाकावर उघडी पसरावी. धुण्यापूर्वी पांढरे ओले फडके प्रत्येक रंगावर घासून पाहावे. रंग लागला तर ती फक्त उन्हात झटकून घ्यावी. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती नेहमी धूत बसू नये. ऊन दाखवून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह घडी घालावी आणि महिन्यातून एकदा घडी उलगडून कसर लागली नाही ना हे पाहावे. जिंतूर तालुक्यातील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या भरतकामाचे, आरसे व कवड्या लावलेले जुने कपडे अजूनही पेट्यांतून असतात. त्यांना पाणी लावू नये, मऊ कुंचल्याने धूळ काढावी व थेट उन्हात टांगू नयेत. फिरत्या व्यापाऱ्याने सांगितलेल्या किमतीला ते देऊन टाकण्याचीही घाई करू नये. एका कपड्यात कित्येक महिन्यांची मेहनत असते.

वस्त्रांची निगा व घराची मांडणी यांविषयी अधिक माहिती हवी असल्यास बचत गटांनी परभणीच्या कृषी विद्यापीठातील सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाकडे विचारणा करावी. विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले व हे महाविद्यालय १९७६ पासून, पूर्वी गृहविज्ञान या नावाने, चालत आले आहे.

फुलांना खर्च जवळजवळ नाहीच. न्हाणीचे पाणी वळवून परसात मोगरा, शेवंती, निशिगंध व झेंडू लावता येतात. मात्र कपडे धुण्याचे सोड्याचे पाणी काळ्या जमिनीत वारंवार सोडू नये. त्याने जमीन घट्ट होते. पावसाळ्यात पाणी साचत असेल तर रोपे गादीवाफ्यावर लावावीत. फुले सकाळी लवकर तोडावीत, देठाची खालची पाने काढावीत व पाणी रोज बदलावे. फुलदाणी विकत आणण्याचे कारण नाही. चिंचेने घासलेला पितळी तांब्या, त्यात निशिगंधाचे चार दांडे, आणि खाली जुना चौरंग एवढे पुरेसे आहे. निशिगंधाची कळी खालून वर उमलत जाते, त्यामुळे तो पुष्कळ दिवस टिकतो. कण्हेर दिसण्यास सुरेख असली तरी तिचा सर्व भाग विषारी आहे. ती घरात ठेवू नये व तिच्या फांद्या गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत.

दसऱ्यासाठी झेंडू हवा असल्यास बी जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी टाकावे. गावरान झेंडूची काही टपोरी फुले झाडावरच वाळू द्यावीत आणि त्यांचे बी कागदी पुडीत कोरड्या जागी ठेवावे. संकरित झेंडूचे बी मात्र असे धरू नये. त्याची फुले पुढल्या वर्षी सारखी येत नाहीत.