टेलिफोनवरील पाळत आणि कलम २१

गुन्हेगारांवर सरकारने नजर ठेवू नये, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो नजर कोणाच्या हुकुमाने, कशासाठी आणि किती दिवस, हा. विद्यार्थ्यांना याची माहिती असावी म्हणून आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

१८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) ने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठी संदेश ऐकण्याचा अधिकार सरकारला दिला. तो कसा वापरावा याचे नियम मात्र शतकभर झालेच नाहीत. अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम २१ चा आधार घेऊन बंधने घातली. हुकूम गृहसचिवांचा हवा, तो दोन महिने चालेल, वाढविला तरी एकूण सहा महिनेच आणि समितीने तो तपासावा. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

२०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातील टॅपिंगचे हुकूम रद्द केले. लाच घेणे-देणे हा गुन्हा खराच. पण तेवढ्याने सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येत नाही.

पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला. तरीही हुकूम देणारे सचिव आणि तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कोठेच नाही. आम्ही बँकेत काम करतो. तेथे ज्याने व्हाऊचर लिहिले त्यानेच ते पास करायचे नसते. पैशाला जी खबरदारी, ती नागरिकाच्या स्वातंत्र्याला का नसावी?