मुलाची लाज राखा

मुलगा आठवी-नववीत गेला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : ऐकत नाही, उलट बोलतो, खोटे बोलतो. मग आपण हात उचलतो, नाहीतर शेजाऱ्यांदेखत पाणउतारा करतो. आम्हीही हे केले आहे. मोबाईलपायी क्लास बुडवला म्हणून आम्ही आमच्या मुलाला चाळीच्या गॅलरीत सर्वांसमोर नाही नाही ते बोललो. क्लास बुडवणे थांबले नाही. त्याचे आमच्याशी बोलणे मात्र थांबले.

या प्रश्नावर इस्लामी विचारवंतांनी शेकडो वर्षांपूर्वी खोल विचार केला आहे.

इमाम गझाली यांचा जन्म १०५८ साली इराणातील तूस येथे झाला. बगदादच्या निजामिया मदरशात ते नामवंत अध्यापक होते. १०९५ मध्ये मानसन्मान असतानाच त्यांनी ते पद सोडले. त्यांच्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात मुलांच्या घडणीवर खास विवेचन आहे. मूल ही आईबापांकडे सोपवलेली ठेव आहे, असे ते म्हणतात. मुलगा चांगला वागला तर चारचौघांत कौतुक करा. पहिल्यांदा चुकला आणि ती चूक लपवत असेल, तर न पाहिल्यासारखे करा. चूक पुन्हा झाली, तर एकांतात समज द्या. सारखे बोलू नका, त्याने शब्दाची किंमत जाते. अभ्यासानंतर खेळू द्या, नाहीतर मन मरते. धाक नकोच, असे ते म्हणत नाहीत. पण लाज वाटणे ही समज आल्याची खूण आहे, ती मोडू नका, असे बजावतात.

ट्युनिस येथे १३३२ साली जन्मलेले इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात याचे कारण सांगितले. मारझोडीत वाढलेले मूल आळशी होते, मार चुकवण्यासाठी खोटे शिकते आणि पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो. जुलमाखाली राहिलेल्या समाजाचेही असेच होते, असे ते लिहितात.

बंधू-भगिनींनो, जुलूम म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मग तो आपल्याच घरात, आपल्याच लेकरांवर कशासाठी? हे ग्रंथ मुलांविषयी बोलतात. आपण मुलींनाही तोच न्याय लावावा.

आम्ही मुलाजवळ एकांतात चूक कबूल केली. अजून तो मोकळेपणाने बोलत नाही, पण जेवायला शेजारी बसतो. एवढ्यावर आज आम्ही समाधानी आहोत.