गोड द्राक्षमद्याची पारख

हा मथळा वाचतांच आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु जी वस्तु सुशिक्षित घरांत येऊं लागली आहे, तिच्याविषयीं मौन धरल्यानें ती यावयाची थांबत नाहीं. ती फक्त कपाटाआड जाते. म्हणून या विषयावर मोकळेपणानें चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. त्याला निमित्त झाला पांढरकवड्याच्या एका घरचा प्रसंग.

पांढरकवडा हें केळापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. गेल्या चैत्रांत आम्ही तेथील एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. घर जुन्या वळणाचें, एकत्र कुटुंबाचें. रात्रीं पंक्तीला पंधरा पानें. पुण्यास नोकरीवर असलेल्या पुतण्यानें सुटींत येतांना नाशिकच्या गोड वाईनची एक लहानशी बाटली आणली होती. ती त्यानें जेवणापूर्वीं ओसरीवर सर्वांपुढें ठेवली. आजींनीं चष्मा लावून ती उजेडाकडे धरली व त्या म्हणाल्या, “अरे, हें तर आपलें द्राक्षासव!” सगळे हंसले. थोरल्या काकांना मात्र हंसूं आलें नाहीं. ते म्हणाले, “बाटलीवर इंग्रजी अक्षरें आलीं म्हणजे ती वाईन, आणि पोडावर कोणीं मोह गाळला कीं ती दारू, हा कुठला न्याय?” धाकटे काका कांहींच बोलले नाहींत. आजींचा शेरा आणि काकांचा प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला.

आजींचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हे. मनुका, गूळ आणि धायटीचीं फुलें एकत्र करून, भांड्याचें तोंड बंद करून द्राक्षासव मुरवतात. त्यांतील मद्यार्क वरून घातलेला नसतो; तो आंतल्या आंतच तयार होतो. कौटिल्यानें अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे प्रकार दिले आहेत. यांपैकीं मधु म्हणजे द्राक्षांचा रस. त्याच्या उत्पत्तिस्थानांवरून त्याला कापिशायन व हारहूरक अशीं नांवें होतीं. दुसऱ्या बाजूस मनुस्मृतीनें गुळाची, पिठाची व माध्वी अशी तिन्ही प्रकारची सुरा निषिद्ध मानली. माध्वी म्हणजे मोहफुलांची, असा अर्थ टीकाकारांनीं केला आहे. तात्पर्य, आपल्याकडे वस्तूचें ज्ञान जुनें आहे आणि तिचा निषेधहि तितकाच जुना आहे.

आतां गोडी कोठून येते तें पाहूं. द्राक्षाच्या रसांतील साखर यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव खातात; तिचा मद्यार्क होतो आणि कार्बन डायॉक्साइड वायु निघून जातो. हें काम शेवटपर्यंत चालूं दिलें तर साखर जवळजवळ संपते व वाईन गोडीविरहित होते. जाणकार तिला कोरडी म्हणतात. साखर संपण्यापूर्वींच आंबणें थांबलें, तर उरलेली गोडी वाईनमध्यें राहते. चांगल्या गोड वाईनचें सारें रहस्य या वेळेवर थांबण्यांत आहे.

थांबविण्याच्या रीति देशपरत्वें निरनिराळ्या आहेत. नाशिककडे द्राक्षवेलींची छाटणी वर्षांतून दोनदां, एप्रिलमध्यें व पावसाळा सरतांना, होते आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळांत येते. गोड वाईनसाठीं शनँ ब्लां या जातीचे घड नेहमींच्या काढणीनंतरहि वेलीवरच राखतात. त्यांतील पाणी आटतें, साखर दाट होते, आणि ती सगळी पचविणें यीस्टला जड जातें. ‘लेट हार्व्हेस्ट’ म्हणजे उशिराची काढणी, हे शब्द बाटलीवर असतात ते याच अर्थानें. फ्रान्समधील सोतेर्न व हंगेरीमधील टोकाय येथें धुक्याच्या दिवसांत द्राक्षांवर एक प्रकारची बुरशी बसते. ती सालीला सूक्ष्म छिद्रें पाडते आणि फळ सुकून मधासारखें होतें. जी बुरशी इतरत्र पीक बुडविते, तीच तेथें पीक सोन्याच्या मोलाचें करते. १८५५ सालच्या प्रतवारींत सोतेर्नच्या शातो दिकेम या एकाच मळ्याला सर्वांहून वरचा वर्ग देण्यांत आला. जर्मनी व कॅनडा येथें वेलीवर गोठलेलीं द्राक्षें तशींच दाबतात. बर्फ मागें राहतो व गोड रस तेवढा निघतो.

पोर्टची तऱ्हा वेगळी. पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यांत आंबणें अर्ध्यावर आलें असतांना द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क त्यांत ओततात. यीस्ट मरतें व गोडी राहते. या खोऱ्याची हद्द १७५६ सालीं सरकारनें आंखून दिली. साध्या वाईनमध्यें मद्यार्क शेंकडा १२ च्या आसपास, तर पोर्टमध्यें तो २० पर्यंत असतो. गोव्यांत ‘पोर्ट वाईन’ या नांवानें स्वस्त गोड पेय मिळतें. नांव एक असलें तरी त्याची दोरूच्या पोर्टशीं तुलना करूं नये.

निवड करतांना पहिली गोष्ट ही कीं, गोडी फळाची कीं वरून घातलेल्या साखरेची, हें चिठ्ठीवरील मजकुरावरून पाहावें. दुसरी गोष्ट आंबटपणाची. आपल्या गृहिणींना हें सांगावयास नको. पन्ह्यांत कैरीचा आंबटपणा नसता तर तें गुळाचें पाणी झालें असतें. चांगल्या गोड वाईनमध्यें गोडीच्या पाठीशीं असाच आंबटपणा उभा असतो. घोट गिळल्यावर तोंड चिकट न होतां स्वच्छ वाटलें, तर निवड बरी झाली असें समजावें. तिसरी गोष्ट, मद्यार्काचा आंकडा वाचावा. गोडीमुळें तीव्रता जिभेला कळत नाहीं व माणूस फसतो. चौथी गोष्ट आपल्या विदर्भापुरती आहे. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि अशा उन्हांत तापलेल्या दुकानीं महिनोनमहिने उभी राहिलेली वाईन बिघडते. बूच वर सरकलेलें, कडेनें पाझरलेलें, किंवा फिकट सोनेरी रंग तपकिरी झालेला दिसला, तर ती बाटली घेऊं नये. शक्य तों लहान, ३७५ मिलिलिटरची बाटली पाहावी.

आस्वादाची रीत सोपी आहे. वाईन चांगली गार करून लहान पेल्यांत दोन-चार घोटांपुरतीच ओतावी. आधीं वास घ्यावा. मध, जर्दाळू, संत्र्याची साल असे वास सांपडतात. सोबतच्या पक्वान्नापेक्षां वाईन अधिक गोड असावी, हा मुख्य नियम. म्हणून श्रीखंड, बासुंदी किंवा पुरणपोळी यांच्यापुढें ती फिकी व आंबट लागते. खारे बदाम, पिकलेली पपई, कमी साखरेचा रव्याचा केक यांच्याशीं तिचें चांगलें जमतें. तिखटाची झणझण गोडीनें निवते, तेव्हां वऱ्हाडी सांबारवडीसोबत ती गोड लागावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्यें ठेवल्यास कांहीं दिवस टिकते. ती एका रात्रींत संपविलीच पाहिजे असें मुळींच नाहीं.

आतां थोरल्या काकांचा प्रश्न. पांढरकवड्याच्या आसपास चैत्रांत पहांटे मोहाचीं फुलें टपटप गळतात. वाळलेल्या फुलांच्या वजनांत निम्म्याच्या आसपास साखर असते. गोंड-कोलामांच्या घरांत तीं वाळवून अडीअडचणीला अन्न म्हणूनहि खातात. मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा झाला; महाराष्ट्रांत त्यांच्या संग्रहावरील व वाहतुकीवरील निर्बंध सैल झाले ते २०२१ सालीं. शास्त्राच्या दृष्टीनें पाहतां नाशिकचें द्राक्ष आणि मोहाचें फूल यांत यीस्ट कांहीं भेद करीत नाहीं. भेद पुढच्या कृतींत आहे. मोह आंबवून भट्टीवर गाळला कीं गोडी सगळी जाते व मद्यार्क एकवटतो. परंतु दोहोंतील मद्यार्क एकच. एकाला रसिकता आणि दुसऱ्याला व्यसन म्हणणें हा न्याय नव्हे, हें काकांचें म्हणणें आम्हांस पटलें.

याच प्रदेशांत दारूनें मोडलेलीं घरेंहि पुष्कळ आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत १९७५ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. यवतमाळ जिल्ह्यांतील स्त्रियांनींहि बंदीसाठीं मोर्चे काढले आहेत. ‘थोडी वाईन प्रकृतीस बरी’ ही समजूतहि आतां सोडावी. मद्याचें निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. मधुमेही, गर्भवती, यकृताचे रोगी आणि मुलें यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये. वय व परवाना यांसंबंधींचा कायदा तर पाळलाच पाहिजे. ज्यांस घ्यावयाची आहे त्यांनीं ती औषध म्हणून न घेतां चव म्हणूनच, आणि घरच्यांच्या डोळ्यांआड न घेतां, घ्यावी.

त्या रात्रीं ती बाटली उघडली गेली नाहीं. पानें मांडलीं जात असतांना पुतण्याच्या लक्षांत आलें कीं, धाकटे काका ओसरीवरून उठून अंगणांत जाऊन बसले आहेत. त्यांनीं दारू सोडल्याला नुकतीं दोन वर्षें झालीं होतीं, आणि तीं दोन वर्षें धाकट्या काकूंनीं कशीं मोजलीं होतीं तें सगळ्या घराला ठाऊक होतें. पुतण्यानें कांहीं न बोलतां बाटली उचलून आपल्या पिशवींत घातली आणि तो काकांना पानावर बोलावण्यास गेला. आजींनीं सर्वांसाठीं कैरीचें पन्हें केलें होतें. पहिला पेला त्यांनीं धाकट्या काकांच्या हातीं दिला.

वाईन निवडण्याचे जे नियम आम्हीं वर सांगितले, त्यांत हा एक राहिला होता. आपल्या पंक्तींत कोण बसलें आहे तें आधीं पाहावें, आणि मग बाटलीकडे वळावें.