ध्वनीला हवे स्थिर आसन

संगणक, मायक्रोफोन आणि मॉनिटर स्पीकरची एक जोडी एवढ्या साहित्यावर आज घरातल्या लहानशा खोलीतही ध्वनिमुद्रण करता येते. भजन गाणारे, श्राव्य पुस्तकांचे वाचन करणारे, लघुपटांना पार्श्वसंगीत देणारे असे अनेक जण घरीच छोटा स्टुडिओ उभारतात. या उभारणीत एका वस्तूकडे मात्र बहुधा सर्वांत शेवटी लक्ष जाते. ती वस्तू म्हणजे स्पीकरचे स्टँड. ‘स्पीकर टेबलावर ठेवला तर काय बिघडते?’ असा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. त्याचे उत्तर समजण्यासाठी मॉनिटर स्पीकरचे काम कोणते, हे आधी पाहू.

करमणुकीसाठी वापरायचा स्पीकर कानाला सुखावणारा असला की पुरे. मॉनिटर स्पीकरने मात्र मुद्रणात जे आहे तेच, कमी-अधिक न करता ऐकवायचे असते. कोणता आवाज वाढवावा आणि कोणता कमी करावा, हे मुद्रण करणारा त्याच्या आधारेच ठरवतो. म्हणून येथे झालेली चूक पुढे प्रत्येक श्रोत्यापर्यंत पोहोचते.

स्पीकर टेबलावर ठेवला की दोन दोष उद्भवतात. पहिला दोष कंपनाचा. स्पीकरच्या कंपनांमुळे टेबलाची फळीही थरथरू लागते आणि खर्जाचे स्वर फुगल्यासारखे वाटतात. समजा, आपण तबल्याचे मुद्रण करीत आहोत. डग्गा फार घुमतो असे वाटून आपण त्याचा आवाज कमी करतो. तेच मुद्रण दुसऱ्याच्या घरी वाजवले की डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. वस्तुतः दोष डग्ग्याचा नव्हता, टेबलाचा होता.

दुसरा दोष परावर्तनाचा. स्पीकरचा आवाज थेट कानावर येतो, तसाच टेबलाच्या पृष्ठभागावर आपटूनही येतो. स्पीकर कानापासून १ मीटर दूर आणि दोन्ही टेबलाच्या वर ३० सेंमी असतील, तर आपटून येणारा आवाज सुमारे १७ सेंमी अधिक अंतर कापतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. त्यामुळे १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंमी होते. १७ सेंमी म्हणजे तिची बरोबर अर्धी लांबी. अशा वेळी दोन्ही तरंग परस्परांना विरोध करतात व तो स्वर क्षीण होतो. मानवी आवाजाची स्पष्टता ज्या पट्ट्यावर अवलंबून असते, त्याच पट्ट्यात ही हानी होते.

स्टँडमुळे स्पीकर टेबलापासून वेगळा होतो आणि योग्य जागी ठेवता येतो. दोन स्पीकर व आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत. तसे केल्यास खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात तो आणखी वाढतो. मधले टेबल शक्यतो अरुंद असावे. टेबलावर एक आरसा आडवा ठेवून सरकवत पाहावा. बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला, तर त्या ठिकाणाहून आवाज परावर्तित होतो असे समजावे आणि स्पीकर किंवा टेबल थोडे हलवावे.

स्टँडची उंची ठरवणे सोपे आहे. उंच स्वर देणारा लहान पडदा, म्हणजे ट्वीटर, कानाच्या पातळीवर यावा. खुर्चीवर बसल्यावर कान जमिनीपासून १०५ सेंमी उंच असतील आणि ट्वीटर स्पीकरच्या तळापासून २० सेंमी वर असेल, तर स्टँड ८५ सेंमी उंच हवे. मांडी घालून बसणाऱ्याचे कान ७० सेंमी उंचीवर असतील, तर ५० सेंमीचे स्टँड पुरते. म्हणून आपल्या बैठकीचे माप आधी घ्यावे आणि मगच स्टँड विकत घ्यावे.

विकतचे स्टँड निवडताना ते स्पीकरचे वजन पेलते का, हे पाहावे. वरच्या टोकाला हाताने हलका धक्का द्यावा. डुगडुगणारे स्टँड घेऊ नये. सुताराकडून करवून घ्यायचे असल्यास तळासाठी जाड प्लायवुडचा रुंद चौकोन, मधोमध लोखंडी नळीचा किंवा लाकडाचा खांब आणि वर स्पीकरच्या तळाएवढी फळी पुरेशी होते. नळीत पूर्ण वाळवलेली वाळू भरली असता वजन वाढते व नळीचा ठणठणाट थांबतो. वाळू ओली राहिल्यास लोखंड गंजते. फळी व स्पीकर यांच्यामध्ये रबराचे तुकडे ठेवावेत. घरात लहान मुले असतील, तर स्पीकर पट्ट्याने बांधावा आणि तारा पायात येणार नाहीत अशा बेताने खांबालगत न्याव्यात.

शेवटी आपल्या नेहमीच्या परिचयाचे एखादे गाणे लावून ऐकावे. गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून येत असल्यासारखा वाटला, तर मांडणी साधली असे समजावे. महागडा स्पीकर घेणे प्रत्येकाला शक्य नसते. परंतु जवळ असलेल्या स्पीकरला स्थिर आसन देणे बहुतेकांच्या आवाक्यात असते. आपले काम आपल्यालाच खरे ऐकू आले, तरच ते इतरांपर्यंत खरे पोहोचेल.