मागचा लाल दिवा विझतो तेव्हा

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर पहाटे गाड्या निघायच्या बेतात असतात. किन्नर टायर ठोकून हवा बघतो, ताडपत्रीची दोरी आवळतो, पुढच्या काचेवर फडके मारतो. पण गाडीच्या पाठीमागे जाऊन "उस्ताद, डावा लाल पेटत नाही" असे सांगणारा विरळाच. त्याचा तरी काय दोष? गाडीवरचा हा एकच दिवा असा की, गाडी चालवणाऱ्याला तो कधी दिसत नाही. तो असतो मागून येणाऱ्यासाठी.

पुढच्या गाडीची पाठ वेळेवर दिसणे म्हणजे काय, हे १२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी नाशिकने पाहिले. द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळया भरलेल्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला. निफाडकडून सिडकोत घरी परतणाऱ्या तरुणांपैकी कित्येक जण घरी पोहोचलेच नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की, मागचे दोन लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत. आता हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पळते. म्हणजे मागच्या माणसाच्या हातात जेमतेम नऊ सेकंद. कसारा घाटात पावसाळी धुके असले आणि दिवाच नसला, तर तेवढेही नाहीत.

पूर्वी हे काम सोपे होते. दोन स्क्रू काढा, काच काढा, २४ व्होल्टचा दोन तारांचा बल्ब बदला, झाले. पाच वॅटची तार रात्रीच्या दिव्यासाठी, एकवीस वॅटची ब्रेकसाठी. ट्रकच्या हादऱ्यांनी तार तुटायची म्हणून किन्नरच्या पेटीत दोन बल्ब कायम असत. आता एलईडी आले. त्यात तुटायला तारच नाही, वीजही थोडी लागते. "हा कधी जात नाही" असे दुकानदार सांगतो. एलईडी खरोखरच टिकाऊ असतो. पण त्याच्यापर्यंत वीज नेणारी वायर, सॉकेट आणि अर्थ मात्र जुन्याच जातीचे असतात, आणि त्यांच्यावर चिखल, पाणी, कांद्याच्या गोण्यांतला ओलावा असे सगळे पडत असते.

आमच्या वस्तीतल्या एका चालकाची गोष्ट सांगतो. डावा दिवा बंद पडला. मालकाने नवीन आणला आणि पैसे चालकाच्या पगारातून कापले. नवीन दिवाही चार दिवसांत मिणमिणू लागला. मालक म्हणाला, "तूच कुठेतरी ठोकतोस." शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने चेसिसवरचा अर्थचा बोल्ट खोलला. खाली नुसता गंज! कानसीने घासून, बोल्ट आवळून, वर ग्रीस लावल्यावर दिवा लखलखला. काढून टाकलेला पहिला दिवासुद्धा बॅटरीला लावताच पेटला. तो चांगलाच होता.

तेव्हा दिवा विकत घेण्याआधी इतके करावे. दोन्ही बाजूंचे दिवे बंद असतील तर पहिला संशय फ्यूजचा किंवा ब्रेकच्या स्विचचा. एकाच बाजूचा बंद असेल तर सॉकेट काढून पिना पाहाव्यात. हिरवी बुरशी चढलेली असते. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, तर बहुधा अर्थ गेला आहे असे समजावे. मीटरवर नुसते २४ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली ठरत नाही. एखाददुसऱ्या केसाने जोडलेली वायरही मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवते, भार पडला की बसते. म्हणून जुना एकवीस वॅटचा बल्ब सॉकेटला लावून पाहावा. तो झगझगीत पेटला तर वायर आणि अर्थ ठीक, आणि मगच दोष दिव्याचा.

दिव्यातले काही ठिपके पेटतात, काही नाहीत, असेही होते. आत एलईडी माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एक तुटला की ती पूर्ण ओळ विझते. कुशल कारागीर काच उघडून नवा एलईडी डाखतोही. पण एकदा उघडलेली काच पहिल्यासारखी बंद होणे कठीण. सिलिकॉन भरले तरी पावसात पाणी शिरते. माझ्या मते तात्पुरते गाव गाठण्यापुरते हे ठीक, कायमचे नव्हे.

नवीन घेताना व्होल्ट वाचून घ्यावेत. १२ व्होल्टचा दिवा २४ च्या गाडीला लावला तर जळणारच, कारण इंजिन चालू असताना वीज २८ व्होल्टपर्यंत जाते. एलईडीला उलट-सुलट कळते. वायरी उलट जोडल्या तर पेटत नाही, आणि घाईत तो 'खराब' म्हणून परत जातो. इंडिकेटर एलईडी केले की टिकटिक फार जलद होते, तेव्हा फ्लॅशरही त्याला जुळणारा लागतो. आणि हौद्याला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढायला सांगा. वेल्डिंगच्या झटक्याने चांगले दिवे गेल्याचे गॅरेजवाले सांगतील.

आता पगाराचे. नुकसानीची रक्कम कापायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले हवे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणून चालक बंधूंनो, जुना दिवा दुकानात टाकून येऊ नका. तो आणि बिल दोन्ही घरी आणा. त्या चालकाने जुना दिवा फडक्यात बांधून ठेवला होता, म्हणून मालकासमोर बॅटरीला लावून दाखवता आला. कापलेले पैसे पुढच्या पगारात दोन हप्त्यांत परत आले.

किन्नर सोबत नसेल तर अंधारात गाडी एखाद्या भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून दोन्ही आरशांत पाहावे. भिंतीवर लाल उजेडाचे दोन डाग पडले पाहिजेत. एकच पडला तर खाली उतरावे.